साडभाऊंचा लाल टॅग

भिलाईत लोखंड वितळवणारी माणसं गल्लोगल्ली सापडतील. पण स्वतःच्या हृदयाची रोज हजेरी घेणारा, ते नीट वागलं नाही तर त्याच्यावर पाटी लावून मोकळा होणारा माणूस एकच, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघाला: माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे साडभाऊ. ही पाटी काय चीज आहे ते मला कळलं, तेही माझ्याच मूर्खपणामुळे. एका रविवारी आम्ही नवराबायको कोहक्याला त्यांच्या घरी गेलो, तर साडभाऊ व्हरांड्यात खुर्चीवर ताठ बसलेले, डोळे मिटलेले, आणि गळ्यात सुतळीनं बांधलेला लाल पत्र्याचा तुकडा. त्यावर हिंदीत लिहिलेलं, ‘चालू न करें. आदमी काम कर रहे हैं.’ मला वाटलं, नातवंडांचा काही खेळ चालू असेल. मी सरळ तो पत्रा त्यांच्या गळ्यातून काढला, माझ्या गळ्यात घातला आणि म्हटलं, ‘काय साडभाऊ, भंगारात काढलं काय तुमाले?’

साडभाऊंनी एक डोळा उघडला. तेवढ्यात ताई आतून बर्फाच्या पाण्याचं घमेलं घेऊन आल्या आणि माझ्या गळ्याकडे पाहून किंचाळल्या, ‘अजी, टॅग कावून काढला तुमी?’ साडभाऊंनी घमेल्यात तोंड बुडवलं. आम्ही तिघं श्वास रोखून उभे. श्वास रोखायचा खरं तर त्यांनी होता, पण आम्हीही रोखला. बऱ्याच वेळानं ते वर आले, मिशांमधून पाणी ठिबकत असताना मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं आणि समाधानानं म्हणाले, ‘उतरलं. एकशे ऐंशीवरून बहात्तर.’ मग माझ्याकडे वळले. ‘बाबूसाहेब, प्लांटात असते ना, तं आज तुमाले मेमो भेटला असता.’

मी त्याच प्लांटात पंचवीस वर्षं नोकरी करतो आहे, पण टाउनशिपच्या ऑफिसात. क्वार्टरचे अर्ज आणि नळाच्या तक्रारी यापलीकडे माझा यंत्रांशी संबंध घरच्या मिक्सरपुरता. साडभाऊ मात्र प्लांटाच्या रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिकल फोरमन होते. तिथला नियम त्यांनी मला त्या दिवशी समजावला. मोटर उघडायची असेल तर आधी वीज बंद करायची आणि बटणावर लाल टॅग लावायचा. ज्यानं लावला, त्यानंच काढायचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो. कारण आत माणूस असतो. निवृत्तीच्या दिवशी शाल आणि नारळासोबत त्यांच्या हाताखालच्या पोरांनी त्यांना हा जुना टॅग दिला होता. लोक असल्या वस्तू शोकेसमध्ये ठेवतात. साडभाऊंनी तो कामाला लावला.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी उगाच विनोद केला नव्हता. मला भीती वाटली होती. तीन महिन्यांपासून माझ्याही छातीत मधूनच कोणीतरी जिना धावत चढल्यासारखं व्हायचं. अचानक सुरू, अचानक बंद. मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती, आणि ‘मुलीच्या वडिलांना हार्ट आहे’ हे वाक्य भिलाईहून नागपूरला आमच्या आधी पोचलं असतं. एवढ्यासाठी मी गप्प होतो. घाबरट माणसाला गप्प बसायला नेहमीच एखादं मोठं कारण सापडतं.

साडभाऊंना भीती वाटत नव्हती असं नाही, पण ते भीतीलाही कामावर ठेवत. हृदयाच्या डॉक्टरांनी त्यांना कागदावर चित्र काढून सांगितलं होतं की जन्मापासूनच आत एक जादा वाट आहे, वीज कधी कधी त्या वाटेनं गोल फिरत राहते. दुसरा माणूस रडला असता. साडभाऊ चित्र उलटंसुलटं पाहून म्हणाले, ‘म्हणजे कोनीतरी एक वायर जास्तीची सोडून गेला. कॉन्ट्रॅक्टरचं काम!’ डॉक्टरांनी छोटी पांढरी गोळी दिली, बीटा ब्लॉकर, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. तरीही धावलंच तर बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवून श्वास रोखायचा, हेही शिकवलं. साडभाऊ तिला गव्हर्नर म्हणायचे. ‘मोटरीले जास्त पळू देत नाही, बस. तिचं आन् आपलं भांडन नाही.’ बरोबर आठच्या ठोक्याला ते उभे राहून गोळी घेत, राष्ट्रगीताला उभे राहावं तसे, आणि मग वहीत ए शिफ्ट, बी शिफ्ट, सी शिफ्ट असे रकाने भरत. त्या वहीत हृदयाची तक्रार असे, पण स्वतःची कधीच नसे. ‘बी शिफ्ट, पाच वाजून दहा मिनिटं, ओव्हरस्पीड, सहा मिनिटं. कारण: भारत-पाकिस्तान.’ ‘ए शिफ्ट, ओव्हरस्पीड, दोन मिनिटं. कारण: कारण नाही.’ हे ‘कारण नाही’ लिहिताना त्यांना फार त्रास होई. कारण नसलेला बिघाड त्यांनी आयुष्यात मान्य केला नव्हता.

गोळीनं त्यांचे हात थंड पडले. आपल्याला वाटेल तक्रारीची गोष्ट, पण मे महिन्यात दुपारी भिलाईचं ऊन काय असतं ते इथं राहणाऱ्याला विचारा. कोहक्याची पोरं रांग लावून येत आणि साडभाऊ प्रत्येकाच्या गालावर दोन्ही हात ठेवत. ‘चला, पुढचा! कूलरले आराम द्या.’ गोळीनं त्यांना स्वप्नंही भलतीच स्पष्ट पडू लागली, आणि ती ते चहाबरोबर सविस्तर सांगत. एकदा स्वप्नात ते पुलाखालच्या नाल्यात हत्तीची मोटर दुरुस्त करत होते. ‘हत्तीले मोटर?’ मी विचारलं. ‘म्हनून तं बिघडली होती,’ ते म्हणाले.

सगळ्यात मोठा बदल झाला त्यांच्या रागात. पूर्वी त्यांचा आवाज मिलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भोंग्याशिवाय जात असे. आता ते रागावायला सुरुवात करत, भुवया चढवत, बोट उगारत, आणि मग मध्येच थांबून कान देत, जणू आतून काही येतंय का बघत. ‘प्रेशरच बनून नाही राहिलं,’ ते निराश होऊन म्हणत. ताई पदराआड हसत. ‘तीस वर्षं मी सांगून राहिली का हळू बोला जी. माझं आयकलं नाही. त्या एवढ्याशा गोळीचं आयकून राहिले.’

आणि गोळीशी इमान कसं? भंडाऱ्याला भाच्याच्या लग्नाला आम्ही सगळे रेल्वेनं निघालो होतो. राजनांदगाव आलं आणि साडभाऊंनी खिसा चाचपला. गोळ्या आणि डॉक्टरची चिठ्ठी, दोन्ही एकाच डबीत, डबी कोहक्याला. मी म्हटलं, ‘एक दिवस नाही घेतली तं काय होते?’ त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी चालू मोटरीत बोट घालतो म्हणालो असेन. ‘डॉक्टरनं सांगतलं हाय, एकदम बंद करायची नाही. लोड झटक्यात काढला तं मोटर पळते, बाबूसाहेब.’ आणि उतरले. परत गेले, गोळी घेतली, पुढच्या गाडीनं आले. तोवर अक्षता पडून पंगतीही उठत आल्या होत्या. हातपाय धुऊन ते शांतपणे जेवायला बसले, आणि वाढणाऱ्याची नाडी पाहून त्याला म्हणाले, ‘चौऱ्याऐंशी. दमला तू, बस थोडा.’ कारण दुसऱ्याचं मनगट धरणं हा त्यांचा छंद होता. भाजीवाली, टपालवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, कोणाचीही नाडी ते बोलता बोलता मोजत. मी मात्र त्यांच्याशी हातभर अंतर ठेवून नमस्कार करू लागलो होतो. कोणी विचारलंच तर सांगत असे, मला आवडतो नमस्कार.

मग तो दिवस आला. नागपूरची मंडळी, मुलाचे आईवडील, सेक्टर दहातल्या आमच्या क्वार्टरवर शेवटचं बोलणं करायला आली. मध्यस्थ म्हणून साडभाऊ आणि ताई हजर. पोहे झाले, वर तर्री झाली, तारखेवर गोष्ट आली. मी रिकाम्या बश्या उचलायला वाकलो आणि छातीत धावाधाव सुरू झाली. मी बश्या घेऊन स्वयंपाकघरात गेलो, भिंतीला टेकलो, परत आलो, हसलो. पुन्हा गेलो, पुन्हा आलो. मुलाची आई म्हणाली, ‘व्याही फार कामाचे आहेत बाप्पा, बश्यासुद्धा उचलतात.’ मी हसत होतो आणि कानात भोंगा वाजत होता. तेवढ्यात साडभाऊंनी पाण्याचा पेला द्यायच्या निमित्तानं हात पुढे केला, आणि पेल्याऐवजी माझं मनगट धरलं. थंडगार हात. तोंडानं ते तारखेबद्दल बोलत होते, डोळे घड्याळावर. अर्ध्या मिनिटानं बोलणं थांबलं.

‘कवापासून?’ त्यांनी मला विचारलं, हळूच.

मी मनगट सोडवायला ओढलं. तेच उत्तर होतं.

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून लाल टॅग काढला आणि नागपूरच्या मंडळींच्या डोळ्यांदेखत माझ्या गळ्यात घातला. ‘मंडळी, शटडाउन हाय,’ ते म्हणाले. ‘बोलनं थांबवा. आत मानूस हाय.’

माझ्या बायकोच्या हातातली चहाची किटली तशीच राहिली. मला वाटलं, संपलं. मुलीचं लग्न या पत्र्यानं मोडलं. बर्फाचं घमेलं आलं, मी तोंड बुडवलं, वर आलो, पुन्हा बुडवलं. काही उतरेना. मग मुलाच्या वडिलांनीच गाडीची किल्ली काढली. दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी ईसीजीच्या तारा लावताना विचारलं, ‘अंकल, ये गले में क्या है?’ आणि टॅग काढायला हात पुढे केला. साडभाऊ मध्ये आले. ‘मॅडम, हाथ मत लगाइए. जिसने लगाया, वही निकालेगा.’ बाईंनी साडभाऊंकडे पाहिलं, मग तारा टॅगच्या खालून नेल्या. कागदावर पकडलं गेलं ते साडभाऊंचंच दुखणं होतं. एक इंजेक्शन, क्षणभर पोटात खड्डा पडल्यासारखं झालं, आणि धावणारा माणूस जिन्यावर थांबला.

डोळे उघडले तर मुलाची आई उशाशी. मी माफी मागायला लागलो. ती इकडेतिकडे बघून म्हणाली, ‘राहू द्या जी. आमच्या ह्यायलेही गोळी चालू आहे. आमीही नव्हतं सांगतलं तुमाले.’ मुलाचे वडील छताकडे बघत होते. साडभाऊंनी त्यांचं मनगट धरलेलंच होतं.

तारीख दवाखान्यातच ठरली. पण टॅग साडभाऊंनी काढला तो डॉक्टरीणबाईंनी घरी जा म्हटल्यावरच. तोपर्यंत ते माझ्या पलंगाशी स्टुलावर बसून होते, जेवायलासुद्धा उठले नाहीत. काढल्यावर वहीत लिहिलं, ‘काम पूर्ण. माणसं बाहेर.’ बायको मात्र दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘तीन महिने. माझ्या बाजूले बसून जेवत होते.’ एवढंच. गव्हर्नर त्या दिवसापासून मलाही चालू झाला. सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ, साडभाऊंचा फोन यायचा. ‘घेतली?’ ‘घेतली.’ ‘ठीक.’ तीन शब्दांत माझी ड्यूटी लागत असे.

लेकीचं लग्न जुनवानीच्या हॉलमध्ये थाटात झालं. साडभाऊंनी मंगलाष्टकं चालू असताना माझी नाडी धरून ठेवली होती आणि फोटोंत आम्ही दोघं, हातात हात घालून, नवरानवरीपेक्षा जास्त भावुक दिसतो. पण त्यानंतर त्यांचं ओव्हरस्पीड वाढत गेलं. वहीत एका रकान्यात मावेना. त्यांच्या मुलानं त्यांना पुण्याला, स्वतःकडे बोलावलं. तिथं मांडीतून तार नेऊन ती जादा वाट जाळून टाकतात म्हणे. ‘चाळीस वर्षं मी दुसऱ्याच्या वायरी पाह्यल्या,’ ते म्हणाले, ‘आता कोनी माझ्या पाहून राहिला. पाहू दे.’ हे बोलताना आवाज नेहमीचाच होता. हात मात्र नेहमीपेक्षा थंड वाटले.

निघायच्या आदल्या दिवशी ते आमच्याकडे आले. चहा घेतला, माझी नाडी पाहिली, अठ्ठ्याहत्तर. मग खिशातून टॅग काढला आणि मी बसतो त्या खुर्चीमागच्या खिळ्याला अडकवला. मी म्हटलं, ‘अजी, मी तं आता एकदम ठीक आहे.’ ते नुसते हसले, सुतळी नीट ओढून पाहिली, आणि गेले.

आता कोहक्याचं घर बंद आहे. फोन येतात, आठला आणि आठला, पण पुण्यात डॉक्टरांची तारीख एकदा पुढे गेली आहे आणि ‘ठीक’ म्हणण्याआधी ते थोडं थांबतात. परवा क्वार्टरला चुना मारायचा होता. मी खुर्ची सरकवली, भिंत मोकळी केली, आणि टॅगकडे हात नेत बायकोला म्हटलं, ‘साडभाऊ हा इथंच विसरले वाटते. डब्यात ठेवून देऊ?’

तिनं माझा हात धरून खाली केला.

‘विसरले नाही,’ ती म्हणाली. ‘ज्यानं लावला, त्यालेच काढायले यावं लागते ना? तेवढी भिंत राहू द्या तशीच.’