फ्रेमबाहेरचा क्रूस

आरे कॉलनीतल्या एका पाड्यावर आमच्या मंडळीतली एक आजी राहायची. गुडघे गेल्यामुळे तिला दिंडोशीच्या चर्चपर्यंत येणं जमेना, म्हणून महिन्यातल्या एका रविवारी आमच्या तरुण संघातली तीन-चार मुलं तिच्याकडे जायची. दोन भजनं, एक प्रार्थना, मग तिच्या हातचा कोरा चहा. मी पंचवीस वर्षांची होते, एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट होते. खरं सांगायचं तर मी भजनांपेक्षा तिच्या गुडघ्यांसाठीच जायचे.

त्या जुलैत आम्ही तिघंच गेलो. मी, संघाचा सेक्रेटरी आणि कॉलेजातली एक मुलगी. सेक्रेटरी आणि मी शाळेपासून एकत्र वाढलेलो. दुसरं भजन चालू असताना दारात पाच-सहा जण येऊन उभे राहिले. वयाने आमच्याएवढेच. एकाने मोबाइल काढून आमचे चेहरे टिपायला सुरुवात केली. निळ्या टीशर्टवाला पुढे आला आणि म्हणाला, "म्हातारीला बाटवायला आलात काय?"

"अरे बाबा, माझ्या बापाचा बाप ख्रिस्ती होता," आजी खाटेवरून म्हणाली. तिच्याकडे कोणी बघितलंही नाही.

"देशात राहता ना? मग बोला, भारतमाता की जय."

सेक्रेटरीने लगेच म्हटलं. मुलीने म्हटलं. मीही म्हटलं. "आवाज नाही आला," तो म्हणाला. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा मी पोटातून आवाज काढला आणि वर त्याच्याकडे बघून हसले. हे हसणं मी कधी विसरणार नाही. शाळेच्या प्रभातफेरीत पुढे उभं राहून घोषणा देणारी मीच असायचे. बाईंनी मला निवडलंय याचा केवढा अभिमान असायचा. तीच घोषणा आता मी गेटवर पास दाखवावा तशी दाखवली, आणि दाखवून झाल्यावर हसले.

"हां, असं," म्हणत त्याने सेक्रेटरीची पाठ थोपटली आणि ते निघून गेले.

परतीच्या बसमध्ये ती मुलगी खिडकीकडे तोंड करून रडत होती. सेक्रेटरी तेवढं एकच बोलला, "चर्चच्या पाळकसाहेबांना सांगू. पोलिसांत नको. उगाच वाढेल."

पुढच्या रविवारी उपासनेनंतर मीटिंग झाली. पाळकसाहेबांनी पाड्यावरचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आपण थोडे आहोत." तक्रारीचा विषय तिथेच संपला. सेक्रेटरीने मात्र एक कल्पना आणली होती. यंदा पंधरा ऑगस्ट दणक्यात करायचा. सगळ्या तरुणांना तिरंगी टीशर्ट, मोठा स्पीकर, ध्वजारोहणाला एरियातले एक नेते, आणि सगळ्याचा झकास व्हिडिओ. "आपणही देशावर प्रेम करतो हे दिसायला पाहिजे ना," तो म्हणाला.

कोपऱ्यात सुभेदार काका बसले होते. सैन्यातून निवृत्त झाल्यापासून दर पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला चर्चच्या अंगणात झेंडा तेच लावायचे. आदल्या दिवशी स्वतः इस्त्री करायचे, घडीत फुलं घालायचे. सकाळी साडेसातला आम्ही दहा-बारा माणसं जमायचो, कोणी अर्धवट विंचरलेलं, कोणी घरच्या चपलांत. राष्ट्रगीत झालं की काका एका वाक्यात प्रार्थना करायचे, देशासाठी आणि सीमेवर उभ्या असलेल्या पोरांसाठी. मग चहा-बटाटेवडा. त्याचा आजवर एकही फोटो कोणी काढला नव्हता.

"काका, या वर्षी तुम्ही दोरी फक्त पाहुण्यांच्या हातात द्यायची," सेक्रेटरी म्हणाला.

"चालेल," काका म्हणाले. "झेंडा काय माझ्या घरचा आहे?"

बाहेर आल्यावर मी सेक्रेटरीला गाठलं. "पाड्यावर आलेली पोरं याच नेत्याची आहेत. तुला माहितीय."

"माहितीय म्हणूनच बोलावतोय. त्याचा आपल्याबरोबर एक फोटो आला ना, परत कोणी हात नाही लावणार. डोकं वापर ना जरा."

"आणि आजी?"

"आजीकडे काही महिने नको जायला."

तेव्हाच मी संघ सोडायला हवा होता. सोडला नाही. माझ्या फोनचा कॅमेरा चांगला म्हणून व्हिडिओचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते घेतलं. सेक्रेटरीच्या बोलण्याची मला घाण वाटत होती, पण आत कुठेतरी मलाही तो फोटो हवा होता.

पंधरा ऑगस्टला नऊची वेळ दिली होती. पाहुणे सव्वादहाला आले. तोवर काका कोटावर पदकं लावून ऑगस्टच्या उकाड्यात उभे. आमच्या अंगणात ध्वजस्तंभाच्या उजवीकडे सिमेंटचा उंच क्रूस आहे, त्याच्या शेजारी ही त्यांची नेहमीची जागा. सेक्रेटरी माझ्या कानाशी आला. "फ्रेममध्ये क्रूस घेऊ नकोस हां. लोक वेगळा अर्थ काढतात." मी कॅमेरा डावीकडे सरकवला.

काकांनी जागेवरूनच हात लांबवून दिलेली दोरी पाहुण्यांनी ओढली, फुलं पडली, राष्ट्रगीत सुरू झालं. दुसऱ्या ओळीला नेत्यांचा फोन वाजला. त्यांनी तो घेतला, हाताने "चालू द्या" अशी खूण केली आणि बोलत बोलत गाडीकडे निघाले. त्यांची माणसं मागोमाग. आमचेही चौघं, पाळकसाहेब धरून, त्यांना पोचवायला धावले. स्पीकरवर राष्ट्रगीत चालूच होतं. मी कॅमेरा धरून आळीपाळीने त्यांच्या पाठी आणि आमच्या टीशर्टातल्या, काय करावं न कळलेल्या मुलांचे चेहरे टिपत राहिले.

मागे राहिलेला एक जण लाडवांचे बॉक्स वाटत होता. माझ्यासमोर आल्यावर ओळख पटली. आज अंगात निळ्या टीशर्टऐवजी पांढरा शर्ट होता.

"काय ताई. त्या दिवशी तुमचा आवाज एक नंबर होता. राग नाही ना?"

"नाही नाही," मी म्हणाले आणि लाडू घेतला. तो समोरून हलेना, म्हणून खाल्लाही. डालडा टाळूला चिकटून बसला. घरी जाऊन दोनदा दात घासले तरी जाईना.

संध्याकाळी सेक्रेटरीचा मेसेज आला. राष्ट्रगीत काढून टाक, वरून एखादं देशभक्तीचं म्युझिक लाव, पाहुणे निघाले ते दाखवू नको. मी सगळं निमूटपणे केलं. दीड मिनिटाचा चकचकीत व्हिडिओ झाला आणि आजूबाजूच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरला. आमच्या तळमजल्यावरच्या काकी कणकवलीकडच्या, मला लहानपणापासून खेळवलेलं. त्या जिन्यात थांबून म्हणाल्या, "बघलंय गो तुमचो व्हिडिओ. बरां केलात. आता तुमका कोण काय बोलूचा नाय." त्यांनी मायेनेच म्हटलं होतं. पण वीस वर्षं ज्यांच्याकडे आंबोळ्या खाल्ल्या त्यांनाही आमच्यासाठी पुरावा लागत होता, आणि तो मी तयार करून दिला होता.

रविवारी उपासनेनंतर सुभेदार काका माझ्याजवळ आले. "तो व्हिडिओ पाठव गं. मुलीला धाडतो जबलपूरला." मी त्यांना तो दाखवला. त्यांनी फोन हातभर लांब धरून पूर्ण बघितला. मग पुन्हा पहिल्यापासून.

"मी कुठे उभा होतो मग?"

"तुम्ही क्रुसापाशी होता, काका."

"हो. तिथेच असतो." मग म्हणाले, "आणि जन गण मन?"

"कापलं."

"कोणी?"

"मी."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"सव्वीस वर्षं नोकरी केली," ते म्हणाले. "गळ्यात क्रूस होता. काढून ये असं तिथे कोणी म्हणालं नाही मला. त्या पोरांची भीती वाटली, हे समजतं. पण माझी लाज का वाटली तुला?"

"लाज नाही, काका," एवढं मी म्हणाले.

त्याच दिवशी घरी येऊन मी न कापलेला पूर्ण व्हिडिओ मंडळीच्या ग्रुपवर टाकला. खाली पाड्यावर काय झालं आणि लाडू वाटणारा कोण होता ते लिहिलं. पाच मिनिटांत सेक्रेटरीचा फोन. "सगळ्यांची वाट लावायचीय का तुला?" मग पाळकसाहेबांचा. त्यांचा आवाज अगदी मऊ होता. "बेटा, तू लिहिलंस ते खरं आहे. म्हणूनच काढ." मी नाही म्हणाले. थोड्या वेळात पोस्ट दिसेनाशी झाली. ग्रुपचा अॅडमिन सेक्रेटरीच होता. दीडशे माणसांपैकी एकानेही ती कुठे गेली असं विचारलं नाही. पाड्यावर माझ्याबरोबर असलेल्या त्या मुलीने मला फक्त हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.

मी संघ सोडला. आजीकडे आता एकटी जाते, खांद्याला क्लिनिकची बॅग लावून, म्हणजे कोणी विचारलं तर उपचाराला आलेय म्हणून तिचे गुडघे दाखवता येतात. सव्वीस जानेवारीला तेच पाहुणे पुन्हा आले म्हणे. काका त्याआधीच मुलीकडे गेले आणि तिकडेच राहिले. त्यांची माफी मागायची राहून गेली. फोन नंबर आहे माझ्याकडे.

सेक्रेटरी आता त्या नेत्यांच्या ऑफिसात बसतो. मागच्या महिन्यात भाजीच्या गाडीवर भेटला. इकडे तिकडे बघून हळूच "जय ख्रिस्त" म्हणाला. मीही आधी आजूबाजूला बघितलं आणि मगच उत्तर दिलं. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता मेथीच्या जुड्या उलटसुलट करत राहिलो. मला त्याची किळस येत होती. माझीही येत होती, आणि त्यात डावं-उजवं करता येत नव्हतं.