पडल्याचं सोंग

आमच्या थोरल्या भाऊजींइतका भित्रा माणूस अख्ख्या सोलापुरात शोधून सापडायचा नाही. भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, मुलींच्या शाळेत खेळाचे सर. कुकरची पहिली शिट्टी झाली की ते अंगणात जाऊन उभे राहतात आणि भात झाला का, ते खिडकीतून विचारतात. बार्शीच्या एसटीत टीमचं हेल्मेट घालून बसतात. एकदा त्यांनी ड्रायव्हरकडे ब्रेकची चौकशी केली, तर तो शांतपणे म्हणाला, "गुरुजी, तुमीच चालवता का?" भाऊजी पुढच्या थांब्यावर उतरले. त्यांच्यामागोमाग सगळी टीमही उतरली, आणि दुसरी गाडी येईपर्यंत तासभर उन्हात उभी राहिली.

असा हा माणूस पोरींना बेसबॉलमधल्या एकाहून एक फसव्या चाली शिकवतो. "समोरचा कुटं फसतो, ते भिणाऱ्यालाच कळतं की," असं त्यांचं म्हणणं. या खेळात चेंडू मारायचा आणि एकेक बेस, म्हणजे ठरलेला टप्पा, गाठत होमला, म्हणजे जिथून मारला तिथं, परत यायचं, की एक धाव. भाऊजींची लाडकी चाल म्हणजे पडायची. पहिल्या बेसवरून निघालेल्या मुलीनं मध्येच अडखळून पडल्याचं सोंग करायचं. आयती सापडली म्हणून समोरच्या पोरी चेंडू तिच्याकडे फेकतात, आणि तेवढ्यात तिसऱ्या बेसवरची मुलगी होमला पळते. पडायचं कसं, ते भाऊजी स्वतः मातीत पडून दाखवायचे. त्याआधी मात्र तिथले खडे वेचायचे.

गेल्या वर्षी सरावात सातवीतली एक मुलगी अशीच पडली. भाऊजी टाळ्या वाजवत म्हणत राहिले, "झकास. उठू नको आता." ती उठलीच नाही. तिच्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. महिन्या-दोन महिन्यांत ती बरी होऊन पुन्हा खेळायलाही लागली, पण भाऊजींनी ती चाल बंद केली. आमच्या घरी चहाला आले की कप तसाच निवत ठेवून म्हणायचे, "तिच्या तोंडाकडं बघूनसुदिक मला कळलं न्हाई."

या वर्षी बार्शीला अंतिम सामना होता. माझी लेक मुक्ता पहिल्या बेसवर, तिची मैत्रीण तिसऱ्यावर. दोन्हीकडच्या धावा सारख्या, आमच्या दोघी बाद झालेल्या; तिसरी बाद झाली की डाव संपतो, त्याआधी होम गाठलं तरच धाव. भाऊजींनी काहीच खूण केली नव्हती. मुक्ता स्वतःच्या मनानं निघाली, अडखळली आणि पालथी पडली. सोंग आहे हे मला ठाऊक होतं, तरी मी बाकावरून उठून उभी राहिले. तिनं डोकं वर उचललं नाही. चेंडू तिच्या दिशेनं आला, तिसऱ्या बेसवरची मैत्रीण सुसाट पळाली, आणि त्याच क्षणी भाऊजी मैदानात धावले. त्यांनी मुक्ताला दोन्ही हातांनी उचललं. तिची मान सरळ आहे का, ते चाचपून पाहिलं.

मैत्रीण होमपासून दोन पावलांवर होती. पंचांनी हात वर केला. प्रशिक्षकानं धावणाऱ्या मुलीला उचललं की ती बाद, असा नियम आहे. धाव गेली. पुढच्या डावात सामनाही गेला.

परतीच्या गाडीत मुक्ता भाऊजींच्या मागच्या सीटवर बसली. मग म्हणाली, "काका, मी नाटक करत होते. तुम्हाला माहीत होतं ना?"

"व्हय. म्हाईत होतं."

"मग कशाला आलात?"

भाऊजींनी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला होता. "मागल्या बारीला पण मला म्हाईतच होतं की, बाळा," ते म्हणाले.

घरी आल्यावर मुक्ता जेवली नाही.

भाऊजी अजून शिकवतात. सामना असला की मैदानाच्या कडेला उभे राहतात, हातातली शिट्टी घामानं ओली. मुक्ता अजून ती चाल करते. फक्त आता मातीत पालथी पडली की एका हाताची करंगळी हळूच वर करते, आपल्याला काही झालेलं नाही हे त्यांना कळावं म्हणून. आजूबाजूच्या शाळांना ती करंगळी आता ठाऊक झाली आहे. त्यामुळे चाल बहुतेक वेळा फसते, आणि मुक्ता बाद होऊन, कपडे झटकत भाऊजींच्या शेजारी येऊन बसते.