डबा घेऊन येणारी मुलगी

ब्राउनश्वाइगमध्ये जुनी चर्चेस इतकी आहेत की शहराचं नाव सांगितल्याने काही बिघडत नाही. त्या चर्चचं नाव मात्र मी लिहिणार नाही. तसा शब्द दिला आहे आणि तो कोणाला दिला ते पुढे येईलच.

मठाचं चर्च, एवढं पुरे. शेजारचा मठ केव्हाच गेला, त्याच्या ओवरीचा एक तुकडा आणि चर्च उरलं. आम्ही त्याच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. नवरा गाड्यांच्या कंपनीत, रोज सकाळी रेल्वेने वोल्फ्सबुर्गला जाणारा. मी चिंचवडच्या एका शाळेत आठवी-नववीला इतिहास शिकवलेली, आणि इथे पोस्टात पार्सल घ्यायला गेले तरी जर्मनचं एक वाक्य धड जमत नसे. मुलगी पहिलीत गेली तेव्हा मी हिय्या करून जर्मनचा कोर्स लावला, मंगळवार-गुरुवार दुपारी. शाळेनंतर मुलांना सांभाळतात त्या होर्टमध्ये जागा नव्हती. तळमजल्यावर एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहायच्या, ऐंशीच्या जवळ आलेल्या, पाठ ताठ. त्या जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "ठेवा की माझ्याकडे. मी तशीही त्या दोन दिवशी चर्चमध्ये बसलेली असते."

चर्च उघडं राहावं म्हणून तिथे कोणीतरी बसावं लागतं. दाराशी एक टेबल, त्यावर माहितीच्या पुस्तिका, मेणबत्त्या आणि बाई. कोणी विचारलं तर त्या इतिहास सांगायच्या. माझी मुलगी दप्तर टेबलाखाली टाकून त्यांच्या शेजारी बसायला लागली. पहिल्या महिन्यात मी त्यांना शंभरदा धन्यवाद दिले. दुसऱ्या महिन्यात मुलगी त्यांना ओमा म्हणायला लागली, म्हणजे आजी, आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

खरी आजी चिंचवडला दर रविवारी टॅबसमोर पावडर लावून बसायची. "काय जेवलीस गं सोनू?" ती विचारायची. मुलगी मान वाकडी करून म्हणायची, "वाइस इश निश्त." माहीत नाही. काय खाल्लं तेही माहीत नाही! मराठी तिला सगळं कळायचं, तोंडातून एक शब्द निघेल तर शपथ. मी कथा सांगायला बसले की जांभई. आणि ओमाकडून आली की जेवताना तोंड बंद होत नसे, सगळं जर्मनमध्ये, बापाकडे बघून, कारण बापाचं जर्मन माझ्यापेक्षा बरं. भिक्षू किती वाजता उठायचे, थंडीत कुठे शेकायचे, जेवताना बोलायची बंदी असल्याने मीठ हवं तर बोटांनी काय खूण करायचे. ती खूण ती मला करून दाखवायची. मी मीठ द्यायचे.

एकदा तिने खांबावरच्या चेहऱ्याची गोष्ट सांगितली. उत्तरेकडच्या एका खांबाच्या अगदी तळाशी, मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, दगडात एका मुलीचा चेहरा आहे. गाल फुगलेले, नाक बसकं. आठशे वर्षांपूर्वी चर्च बांधत होते तेव्हा एका पाथरवटाची मुलगी रोज दुपारी बापाला डबा आणायची. भिक्षूंना मुलींकडे बघायची मनाई. म्हणून बापाने तिचा चेहरा इतक्या खाली कोरला की माना खाली घालून चालणाऱ्या भिक्षूंना रोज तीच दिसावी. माझी मुलगी येता-जाता त्या चेहऱ्याच्या नाकाला बोट लावायची. ओमाने शिकवलेलं.

"अगं, चांगलंय ना," नवरा म्हणाला, "घरबसल्या आजी मिळाली तिला."

"आजी आहे तिला. दोन आहेत," मी म्हणाले आणि भांडी अशी आपटली की खालपर्यंत ऐकू जावं.

मी सरळ सांगते, मी जळत होते. त्या बाईंच्या घरातल्या बिस्किटांच्या डब्यावर जळत होते, त्यांच्या सुरकुतलेल्या हातात माझ्या मुलीचा हात सहज जायचा त्यावर जळत होते. मी भाषा शिकायला बाहेर पडले आणि तेवढ्या वेळात माझी मुलगी दुसरीकडे रुजली, हे मला सहन होत नव्हतं. सर्वांत जास्त डोळ्यांत खुपायचं ते हे की त्या इतिहास सांगत होत्या. इतिहास तर माझा विषय!

मग मी टेबलावरची पुस्तिका विकत घेतली आणि शब्दकोश घेऊन बसले. मठ गावाच्या कडेला कसा वसला, मोठी आग कशी लागली, त्यानंतर चर्च आणखी उंच कसं बांधलं. शहराने नवा पंथ घेतला तसे भिक्षू गेले, आणि देवाच्या घराचं गोदाम झालं. धान्य ठेवलं, शस्त्रं ठेवली, गवताच्या गंज्या ठेवल्या. शेवटी युद्धात बाँब पडले, आणि मग पुन्हा दगडावर दगड. कोर्समधल्या बाई चकित झाल्या. त्या म्हणाल्या, "तुम्हाला कमानींचे प्रकार सांगता येतात आणि डॉक्टरला पोटदुखी सांगता येत नाही, हे कसं काय?"

ऑगस्टमध्ये मला ते वाक्य सापडलं. पुस्तिकेच्या शेवटी, बारीक अक्षरांत: उत्तरेकडच्या दोन खांबांचा खालचा भाग युद्धानंतरच्या दुरुस्तीत नव्याने बसवला आहे. मी तीनदा वाचलं, मग चर्चमध्ये जाऊन मोबाइलच्या उजेडात खांब बघितला. गुडघ्याच्या वर दगड काळपट, खाली पिवळसर, मधे सरळ सांधा. चेहरा सांध्याच्या खाली. म्हणजे कसला आठशे वर्षांपूर्वीचा पाथरवट आणि कसले भिक्षू! ओमा माझ्या मुलीला थापा मारत होत्या. मला इतका आनंद झाला की घरी येऊन मी शिरा केला.

रात्रीच्या जेवणानंतर नवऱ्याला दाखवलं. त्याने वाचलं, पुस्तिका मिटली आणि म्हणाला, "मग? लहान मुलांची गोष्ट आहे ती. बोलू नकोस त्यांना."

"चुकीचं शिकवलेलं चालतं का तुला?"

"तुला इतिहासाची काळजी नाहीये," तो म्हणाला. त्याला कधी नव्हे ते बरोबर कळलं होतं, म्हणून मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

सप्टेंबरात एका रविवारी देशभर जुन्या वास्तू लोकांना मोकळ्या करून दाखवतात. आमच्या चर्चमध्येही गर्दी होती. मुलांसाठीची फेरी ओमांकडे. वीसेक मुलं, त्यांचे आईबाप, आणि मागे चर्चच्या समितीतले एक गृहस्थ हातात वही घेऊन. माझ्या मुलीच्या फ्रॉकला कागदी बिल्ला होता, त्यावर तिने स्वतः "मदतनीस" असं जर्मनमध्ये लिहिलेलं. मी हात पुढे केला तर म्हणाली, "ग्लाइश, मामा," म्हणजे थांब जरा, आई, आणि पळाली ती ओमांजवळ. नवरा दाराशी कोणाशी तरी बोलत होता. मी मुलांच्या घोळक्यात एकटी उभी राहिले, पर्समध्ये पुस्तिका.

उत्तरेकडच्या खांबाशी सगळे थांबले. गोष्ट त्या दोघींनी मिळून सांगितली. ओमा म्हणायच्या, "आणि रोज दुपारी..." की माझी मुलगी म्हणायची, "ती डबा घेऊन यायची!" मुलं खाली बसून चेहरा बघत होती. ओमांनी माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात बघितला आणि माझा हात वर गेला, शाळेत मुलं करतात तसा.

"माफ करा," मी म्हणाले. वाक्य घरी दहा वेळा घोकलेलं होतं, एकही चूक झाली नाही. "पण पुस्तिकेत लिहिलंय की हा दगड युद्धानंतरचा आहे. मग चेहरा मध्ययुगातला कसा?"

मी पान उघडून दाखवलं. एक बाप "आहा" म्हणाला. वहीवाले गृहस्थ पुढे आले, त्यांनी चष्मा वर करून सांधा बघितला आणि म्हणाले, "गेनाऊ, बरोबर आहे. आमच्या लक्षातच आलं नाही. इथे एक पाटी लावायला हवी." माझ्याकडे बघून त्यांनी मान डोलावली. इतक्या वर्षांत त्या देशात पहिल्यांदा कोणीतरी मला जाणकार म्हणून मान डोलावली होती.

ओमांनी खांबाला हात टेकला. "हो," त्या म्हणाल्या, "दगड नंतरचा आहे." मुलांना म्हणाल्या, चला, आता पुढे जाऊ, आणि चालायला लागल्या. त्यांची ताठ पाठ त्या दिवशी वाकलेली वाटली.

मुलगी गेली नाही. ती माझ्याकडे आली, माझा कुडता खाली ओढला. मी वाकले. रडायच्या बेतात होती, पण रडली नाही. आजूबाजूला लोक होते, ओमा चार पावलांवर होत्या, आणि ती मराठीत बोलली. चुकतमाकत, पण सलग.

"आई, ही ओमा आहे. लहान ओमा. ओमाचे बाबा दगड काम करायचे, तोडलेलं चर्च परत करायचे. ओमा रोज डबा आणायची. बाबांनी न विचारता केलं. कोणाला नाही सांगायचं. फक्त मला सांगितलं."

माझ्या डोळ्यांसमोर दहा वर्षांची एक मुलगी आली, ढिगाऱ्यांतून हातात डबा सांभाळत येणारी.

"तू पण नाही सांगायचं," ती म्हणाली. "ओमाला पण नाही, मी सांगितलं म्हणून. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," मी म्हणाले.

ओमा मागे वळल्या. त्यांना वाटलं, मी तिला रागावतेय. "रागावू नका तिला," त्या मला म्हणाल्या. "तुम्ही वाचलंत ते अगदी बरोबर आहे." मुलगी पळत गेली आणि तिने त्यांचा हात धरला.

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण माफी मागायची तर कशाची, ते सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं असतं तर मुलीने गुपित फोडलं हे त्यांना कळलं असतं. त्यामुळे मी कधीच माफी मागितली नाही. महिनाभरात खांबाजवळ काचेची छोटी पाटी लागली. बाई आणखी तीन वर्षं त्या टेबलाशी बसल्या, पण ती गोष्ट त्यांनी पुन्हा कोणाला सांगितलेली मी ऐकली नाही. आता त्या नाहीत. आणि खरं सांगायचं तर त्या खांबाशी उभी असतानाही माझ्या मनात अपराधाच्या आधी मत्सरच आला होता, की एवढी मोठी गोष्ट दोन महिने, चार महिने, किती दिवस कोण जाणे, तिने पोटात ठेवली, आणि ती माझी नव्हती.

मुलगी माझ्याशी मराठीत बोलावी म्हणून मी कथा सांगितल्या, गाणी लावली, रागावले, लाडूचं आमिष दाखवलं. शेवटी ती बोलली ती आसपास कोणाला कळू नये म्हणून.

त्या संध्याकाळी मी तिच्या आवडीची मुगाची खिचडी केली. ताट समोर ठेवलं आणि हळूच मराठीत विचारलं, "तूप वाढू का गं?"

तिने ताटाकडे बघितलं.

"वाइस इश निश्त," ती म्हणाली.