पोर्तुगालच्या चर्चांत तबला

मूकपट चालायचे तेव्हा भुसावळच्या थेटरात पडद्याखाली आम्ही दोघं बसायचो. मास्तर व्हायोलिन वाजवायचे, मी तबला. पडद्यावर घोडा दौडू लागला की मी दुगुन धरायची, नायिका रडू लागली की मास्तरांनी गज लांबवायचा. मास्तर गोव्याचे कॅथलिक. त्यांचे वडील रेल्वेत लागले आणि कुटुंब भुसावळचंच झालं. मी शिरपूरकडचा. वडील लहानपणीच गेलेले. आईने लोकांच्या शेतात कापूस वेचून मला वाढवलं, आणि गावच्या भजनात माझा हात बसला. मग बोलपट आले. मालकाने आम्हा दोघांना एकाच सकाळी घरी पाठवलं.

मास्तर रविवारी चर्चमध्ये वाजवायचेच. रिकामपणात त्यांनी येशूच्या जन्मामरणाच्या कथेवर मराठी ओव्या रचल्या. त्यांना आमच्याकडच्या जात्यावरच्या चाली लावल्या. गायचे ते स्वतः, मधून व्हायोलिन, खाली माझा तबला. मी पुष्कळांना साथ केली आहे, पण त्या ओव्यांइतकं सच्चं काम माझ्या हातून दुसरं झालं नाही. क्रुसाजवळ उभ्या असलेल्या आईची ओवी आली की ठेका मला आपोआप हलका करावासा वाटे.

मास्तरांचे एक चुलतभाऊ पोर्तुगालात पाद्री होते. त्यांनी तिकडच्या खेड्यापाड्यांच्या चर्चांतून आमचा दौरा ठरवला आणि आम्हाला गावोगाव फिरवायला तिकडचे एक पाद्रीबाबा नेमून दिले. आईने जुन्या लुगड्याच्या घड्या घालून मला जाड बंडी शिवून दिली आणि बोटीवर कुणाशी भांडू नकोस एवढंच सांगितलं.

तिथे पोचलो ते हिवाळ्याच्या तोंडाला. पहिल्याच गावी पाद्रीबाबांनी ती बंडी उतरवायला लावली. उघड्या अंगावर उपरणं, डोक्याला लाल फेटा, आणि बसायचं खाली फरशीवर, वेदीच्या पायरीच्याही खाली. मास्तर वर उभे, काळ्या सुटात. मला वाटलं, तिकडची तशीच पद्धत असेल. थंडीने बोटं आखडायची. ती काखेत धरून ऊब द्यायचो आणि मग तबल्याच्या चाटेवर ठेवायचो.

वाजवण्याआधी पाद्रीबाबा बराच वेळ बोलत. बोलता बोलता माझ्याकडे हात करत. बाया पदरासारख्या काळ्या ओढणीने डोळे पुसत. कार्यक्रम संपला की म्हाताऱ्या माझ्याभोवती जमायच्या, माझे हात हातात घ्यायच्या, भाजलेले चेस्टनट उपरण्यात टाकायच्या. एकीने तर माझ्या कपाळाचा मुका घेतला. मास्तरांपाशी कुणी एवढं जात नसे. मी आपला फुगलो. ज्या हातांना भुसावळच्या थेटरवाल्याने नको म्हटलं, त्यांना इथे लोक रडून दाद देतात, असं मला वाटत होतं. गावामागून गाव गेलं. मी दर वेळी जास्त मन लावून वाजवलं.

मग डोंगरातल्या एका गावी एक म्हातारा शिपाई भेटला. तरुणपणी दमणला चाकरीला होता आणि मोडकी गुजराती बोलायचा. आम्हा खानदेशवाल्यांना गुजराती कळायला अडचण नाही. चर्चच्या अंगणात उन्हाला बसलो होतो. इतक्या दिवसांनी मास्तरांखेरीज कुणी कळेल असं बोलतंय म्हणून मी खुशीत होतो. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, तुझ्या आईने तुला देवीपुढे कापायला नेलं, तेव्हा तू केवढा होतास?

मला वाटलं, त्याची गुजराती चुकली. पण त्याने सगळं नीट सांगितलं. दर चर्चमध्ये पाद्रीबाबा सांगत होते की हा जंगलातला पोरका. आईने याला बळी द्यायला काढलं होतं, मास्तरांनी सोडवून आणलं. आई तशीच अधर्मात मेली. हा आता येशूच्या पायाशी बसून ढोल वाजवतो.

मास्तर आत व्हायोलिन पुसत होते. पोर्तुगीज त्यांच्या घरात बोलली जायची. पहिल्या दिवसापासून त्यांना शब्दन् शब्द कळत होता. मी दारातच उभा राहिलो आणि माझ्या तोंडून गावचीच बोली निघाली.

"मास्तर, मनी माय जित्ती शे."

ते गज पुसतच म्हणाले, "ही माणसं तबला ऐकायला येतात असं तुला वाटतं? माझ्याबद्दल काय सांगतात, ते विचारलंस त्या म्हाताऱ्याला? माझे आजोबा झाडावर राहायचे, म्हणतात. मीही ऐकून घेतो आणि वाजवतो."

"तुमच्या आईला तर मारलं नाही ना त्यांनी," मी म्हणालो.

शिपायाकडून मी त्यांच्या भाषेतलं एकच वाक्य घोकून घेतलं : माझी आई जिवंत आहे. त्यांचा आईचा शब्द आमच्या 'माय'सारखाच आहे, पाठ करायला कष्ट पडले नाहीत. पुढच्या गावी पाद्रीबाबांचं बोलणं संपलं तसा मी बंडी घालून उभा राहिलो आणि भरल्या चर्चमध्ये ते वाक्य मोठ्याने म्हणालो. मी पुन्हा म्हणालो.

पाद्रीबाबा क्षणभर थबकले. मग त्यांनी दोन्ही हात वर केले, बाजूच्या मारियेच्या मूर्तीकडे दाखवलं आणि भरल्या गळ्याने काहीतरी म्हणाले. सगळं चर्च गुडघ्यांवर आलं. इतकं रडणं मी कुठल्याच गावात पाहिलं नव्हतं. मास्तर खाली वाकून हळूच म्हणाले, "तो म्हणतो, तुला खरी आई सापडली. बस आता, वाजव."

परतीचं तिकीट पाद्रीबाबांच्याच हाती होतं. मी बसलो आणि वाजवलं.

घरी आलो तर गावात वेगळीच कथा माझ्याआधी पोचलेली. मी बाटून आलो म्हणे. भजनी मंडळींनी माझी जागा दुसऱ्याला दिली होती. मला पारावर बसू देत, पण तबल्याला हात लावू देत नसत. आई त्यांच्या दारोदार जाऊन सांगून आली, कुणी ऐकलं नाही. तिकडे काय बोललं जात होतं, ते मी तिला कधी सांगितलं नाही.

वर्षभराने मास्तर गावी आले. सिलोनला तसाच दौरा ठरत होता. आईने कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं, समोर बसून आग्रह केला. म्हणाली, "भाऊ, तुम्हीन मना पोऱ्याले दुन्या दखाडी. तुमना उपकार शेतस." मास्तरांनी मान वर केली नाही. ताटात पडलेलं सगळं संपवलं. मोटारीपर्यंत पोचवायला गेलो तेव्हा मी येत नाही म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही.

त्यांनी जळगावचा एक तबलजी नेला. त्याची आई तिथल्या बाजारात केळी विकायला बसायची. पुढे एकदा तिने मला गाठलं आणि काळजीने विचारलं, परमुलुखातले लोक आपल्या माणसाशी कसे वागतात. मी म्हणालो, चांगले वागतात, डोळ्यांत पाणी आणून ऐकतात. तिने मला दोन केळी दिली. पैसे घेतले नाहीत.