कठडा धरणारा माणूस

बदनापूर स्टेशनच्या पुलावर तो मला महिनाभर रोज दिसला. परदेशी तेल कंपनीत, भर समुद्रातल्या विहिरीवर कामाला होता, सुटीवर आलेला. कंपनीची नारिंगी टोपी, जाड बूट. त्याच्या पगारावर मी जळायचो ते जळायचोच. पण हा धडधाकट गडी जिना उतरताना म्हाताऱ्यासारखा कठडा धरायचा. गाडी शिट्टी मारत असली तरी एकेक पायरी. फोन वाजला की आधी थांबायचा, मग बोलायचा.

एकदा मी खवचटपणे विचारलंच, "काय भाऊ, गुडघे गेले का?"

तो हसला नाही. "न्हाई हो. कंपनी लई जुनी हाय. आधी माणसं पडून मेली, मंग नियम आले. कठडा सोडला की साहेब तिथंच काम थांबवतो. आता आदतच झाली."

तोवर मला त्याच्या पगाराचा हेवा वाटायचा. त्या दिवसापासून कठड्याचा वाटतो.

मी इथून रोज गाडीनं जालन्याला जातो, सळयांच्या कारखान्यात आहे. शेठ मला नावानं हाक मारतात, माझ्या पोरीच्या लग्नात पंगतीला बसले होते. रोज ट्रकच्या ट्रक सळया बाहेर जातात. भट्टीवर चढायच्या जिन्याला मात्र कठडा नाही.