मासोळ्यांची सोयरीक

माझ्या साळ्याइतका हट्टी प्राणी अख्ख्या रायपुरात दुसरा नाही, आणि असलाच तर तो पाण्यात असेल. राजधानी झाली, रस्ते रुंद झाले, तळ्यांना सिमेंटच्या भिंती आल्या. आधी आमचं गुढियारीचं तळं भरलं की नाल्यानं पुढच्या तळ्यात उतरायचं आणि मासोळ्या सासर-माहेर करायच्या. नाला बुजवला. लोक म्हणाले, बरं झालं, मच्छर गेले. साळा म्हणाला, "पोरींची माहेरची वाट बंद केली हरामखोरांनी!"

तेव्हापासून हा रेल्वेतला रिटायर गडी सायकलला डबा बांधून फिरतो. या तळ्यातल्या चार मासोळ्या त्या तळ्यात, तिथल्या चार इकडे. एका तळ्यात कोंडलेले सारे भाऊबहीण, त्यांचीच आपसात लग्नं लागली तर वंश खंगते, असं त्याचं म्हणणं. खवल्याच्या मासोळीसोबत मिशीवाला मांगूर नेत नाही; तो वाटेत वऱ्हाडच खाऊन टाकते. डब्यात शेवाळ, गोगलगाई येतात, ते आंदण. एकदा चौकीदारानं हटकलं, "क्या चुराके ले जा रहे हो, बाबा?" "चोरी नहीं, बिदाई है. डब्बा पकड़!" बिचाऱ्यानं पकडला. आता भिंतीवर पाटी लागली आहे, मासे सोडायला मनाई. साळा चष्मा घरी ठेवून येतो. मला तर चष्मा लावूनही वाचता येत नाही.

माझी बायको, म्हणजे त्याची बहीण, गेली. तेरवीच्या दिवशी मी त्याला तोंडावर सांगितलं, "ती होती म्हणून तू साळा. आता येत नको जाऊ." मला कोणाचंच तोंड पाहायचं नव्हतं. तो चप्पल घालून निघून गेला. आठवड्यानं सकाळी दारात डबा घेऊन उभा.

"काहून आला?"

"तुमच्या मोहल्ल्यातल्या तळ्यात पाहुणे येऊन राहिले, भाऊजी, अन् यजमान खाटेवर?"

"नातं संपलं म्हणून सांगितलं होतं ना तुले?"

"ते तुम्ही म्हणाले. मी हव म्हटलं होतं काय?"

चप्पल घातली. गेलो. मासोळ्या सोडल्या, तर चारही पायरीशीच थिजल्या.

"परत ने," मी म्हणालो. "नाही रमत त्या."

"रमतील. बसा जरासं."

बसलो. बऱ्याच वेळानं एक खाली उतरली, मग बाकीच्या. पाणी पुन्हा सपाट झालं, तरी आम्ही तिकडेच पाहत होतो.

"उद्या जेवायलाच ये," मी म्हणालो. "भाजी खारट होते माझी."

"होऊ द्या, भाऊजी."