दृष्ट लागलेलं वार्निश

मुरुमचे पाशामियाँ वार्निशवाले चहावरचा फेससुद्धा फुंकून बाजूला सारत आणि मगच घोट घेत. बुडबुडा दिसला की त्यांचं डोकं फिरे. वार्निशचा डबा ते कधी हलवू देत नसत. मलमलीतून गाळून घेत आणि ब्रश एकाच दिशेनं असा सावकाश ओढत, की बघणाऱ्याला डुलकी लागावी.

एकसष्ट साली गावात नवी शाळा झाली. जागा आण्णासाहेबांनी दिली. निजाम गेला त्याच आठवड्यात शेरवानी पेटीत घालून गांधीटोपी शिवून घेतलेले, तेच हे आण्णासाहेब. त्यांच्या नावाचा सागवानी फळा शाळेच्या दारावर लागायचा होता आणि त्याच्या वार्निशचं काम पाशामियाँकडं आलं.

मियाँनी वार्निशचा हात मारला. आण्णासाहेबांनी तो ओला फळा उचलून भर उन्हात चावडीपुढं मांडला. आपलं नाव कोपऱ्यात वाळत पडावं, हे त्यांना कसं मानवणार? दुपारपर्यंत नावावर देवी आल्यासारखे फोड उठले.

"साहेब, उन्हानं लाकूड तापतंय. तापलं की आतली हवा भाईर येती," पाशामियाँ म्हणाले. "बंद खोलीत ठिवा."

"लाकूड काय श्वास घेतंय व्हय? तुमचं वार्निशच खोटं."

खरवडलं, पुन्हा मारलं. पुन्हा चावडी, पुन्हा फोड. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा बाजारात लोक त्यांना 'फोडवाले मियाँ' म्हणू लागले. तीस वर्षांची अब्रू चालली होती. शेवटी त्यांची बायको गुलबानो वैतागली.

"तीनदा खरं सांगून बघितलं नव्हं? आता त्यांला पटंल असं सांगा."

दुसऱ्या दिवशी मियाँ आण्णासाहेबांपुढं हात जोडून उभे राहिले. "साहेब, माझंच चुकलं. येवढं मोठं नाव, येवढ्या लोकांची नजर. दृष्ट लागती बघा."

आण्णासाहेब गंभीर झाले. त्यांना स्वतःलाही हे कधीचं वाटत होतं. तासाभरात फळा आतल्या खोलीत गेला आणि किल्ली मियाँच्या हाती आली.

ऊन उतरून लाकूड निवू लागल्यावर मियाँनी जुने फोड खरवडून शेवटचा हात दिला. चौथ्या दिवशी दार उघडलं, तर एक फोड नाही. वाकून पाहिलं तर त्यांना आपली दाढी केसागणिक दिसली. मियाँच्या डोळ्यांत पाणी आलं. सहा पोरं झाली तेव्हाही आलं नव्हतं.

उद्घाटनाला फळा दारावर चढला. लोक मान वर करून बघत राहिले. तेवढ्यात आण्णासाहेबांनी खिशातून लिंबू-मिरची काढली, एक लांबलचक खिळा काढला आणि आपल्या नावाच्या बरोब्बर मधोमध हातोडीनं ठोकला. खिळ्याभोवती वार्निश तडकत गेलं.

"आता कुणाची बिशाद न्हाय नजर लावायची," ते म्हणाले. "काय मियाँ?"

पाशामियाँनी मान डोलावली. रोग त्यांनीच सांगितला होता. औषधाला नको म्हणायला आता तोंड कुठं होतं!